परसदारी कोंबड्या आणि घरच्या घरी पिल्लं: खाडीकाठच्या दमट हवेत काय सांभाळायचं

जुलै महिन्यात मी पहिल्यांदा अंडी उबवायच्या मशीनमध्ये अंडी ठेवली, २४. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं बाहेर आली. बाकीच्यांची आणखी दोन दिवस वाट पाहिली आणि मग एकेक अंडं फोडून बघितलं. बहुतेकांत पूर्ण वाढ झालेलं पिल्लू होतं. अंगावर लव, चोच वरच्या पोकळीकडे वळलेली आणि भोवती चिकट पाणी. ती पिल्लं आतल्या आत बुडाली होती.

माहितीपुस्तिकेत होतं तसंच सगळं मी केलं होतं. पाण्याच्या दोन्ही पन्हळी काठोकाठ भरलेल्या, झाकण घट्ट. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अगं, पाणी कशाला ओततेस? हवेतच पाणी आहे. कोंबडी कधी तांब्या घेऊन बसते का?" मी ऐकलं नाही. आम्ही नवी मुंबईत करावे गावठाणात राहतो, खाडी जवळ. इथल्या पावसाळी हवेचा हिशेब त्या पुस्तिकेत कुठेच नव्हता. तो आता मला कळलाय, आणि तुमची पिल्लं त्यापायी जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

१. आधी जागा आणि शेजार

गावठाणातलं बैठं घर, बंगल्याचं आवार, ठाण्यात येऊर किंवा कोलशेतकडची थोडी मोकळी जागा असेल तर जमेल. फ्लॅटच्या बाल्कनीत करू नका. चार कोंबड्यांची विष्ठासुद्धा पावसाळ्यात दोन दिवसांत वास मारते, आणि सोसायटीतल्या तक्रारीत शेवटी हाल पक्ष्यांचेच होतात. पालिका हद्दीत राहत असाल तर पालिकेच्या आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागात नियम विचारून घ्या. सोसायटी असेल तर कमिटीची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. तो पहाटे चारपासून आरवणार. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. शेजारच्या काकूंना आधी सांगा, पहिली अंडी त्यांच्या घरी द्या. आमच्याकडे एवढ्याने भागलं.

आणि हे आत्ताच ठरवा: निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. दहा पिल्लांत पाच कोंबडे. ते पाच महिन्यांचे झाले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात. घरात खाणार, कुणाला देणार की विकणार, याचं उत्तर अंडी ठेवण्याआधी तयार हवं.

२. कोणती जात, कुठून

पहिल्यांदा पाळताय तर गावठी घ्या. वर्षाला ६० ते ८० अंडी देते, म्हणजे कमीच, पण इथल्या हवेत टिकते आणि स्वतः खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसते. अंडी जास्त हवी असतील तर ग्रामप्रिया किंवा वनराजा. या दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसदारासाठीच तयार केलेल्या जाती आहेत. पण त्या अंड्यांवर बसतील या भरवशावर राहू नका. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. तो घ्यायचा तर एक लक्षात ठेवा: पक्षी काळा असला तरी त्याचं अंडं काळं नसतं, फिकट बदामी असतं. 'कडकनाथची काळी अंडी' म्हणून कुणी काही विकत असेल तर तिथून निघा.

फसवणूक आणि गैरसमज आणखी दोन ठिकाणी होतात. दुकानातली पांढरी अंडी उबवून पिल्लं निघत नाहीत, कारण त्या फार्मवर कोंबडाच नसतो. आणि शाळेबाहेर किंवा स्टेशनजवळ गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मिळतात, ती सहसा अंड्यांच्या जातीतले नको असलेले नर असतात, आधीच अर्धमेली. मुलं हट्ट करतील, तरी घेऊ नका.

फळलेली अंडी ओळखीच्या घरातून आणा, जिथे कोंबडा कळपात फिरताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. शहापूर-मुरबाडकडे ज्यांची जमीन आहे त्यांनी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात तलंगांच्या, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्यांच्या, गटाची चौकशी करावी. २५ तलंगा आणि ३ कोंबडे असा गट अनुदानावर देण्याची योजना आहे. जाताना आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक आणि सातबारा किंवा आठ-अ बरोबर ठेवा, म्हणजे खेप वाया जाणार नाही.

३. खुराडं

एका कोंबडीला रात्री झोपायला दोन चौरस फूट आणि दिवसा फिरायला आठ-दहा चौरस फूट जागा द्या. छप्पर पत्र्याचं असेल तर वर पेंढा किंवा झावळ्या टाका, नाहीतर मे महिन्यात दुपारी कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्या आणि खाली भाताचं तूस पसरा.

आमच्या भागात खरा शत्रू घूस. कुत्र्या-मांजरांसाठी लोक जाळी लावतात, पण घूस जमिनीखालून येते आणि एका रात्रीत पिल्लांचा फडशा पाडते. साधी षटकोनी कोंबडीजाळी तिला अडवत नाही, ती तार कुरतडते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि ती जमिनीत फूटभर गाडा. मुंगूस आणि सापालाही तीच अडवते. कावळे आणि घारी दिवसा येतात, म्हणून पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत वरूनही जाळी हवी. येऊरच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे. तिथे खुराडं घराच्या भिंतीला लागून बांधा आणि रात्री कुलूप लावा.

४. खुडूक कोंबडी की मशीन?

कोंबडी खुडूक असेल तर मशीनच्या नादी लागू नका, निदान पहिल्या खेपेला तरी. ऊब, दमटपणा, अंडी फिरवणं, नंतर पिल्लांना शिकवणं, सगळं ती करते.

खुडूक कशी ओळखायची? ती खोपट सोडत नाही, हात नेला की पिसं फुलवून अंगावर येते, 'कुडुक कुडुक' असा जाड आवाज काढते आणि पोटाखालची पिसं उपटते. तरी दोन रात्री दोन-तीन साधी अंडी खाली ठेवून परीक्षा घ्या. दोन दिवस टिकली तरच चांगली अंडी द्या. गावठी कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. जास्त ठेवली की कडेची थंड पडतात, कोंबडी फिरवते तेव्हा ती आत येतात आणि आतली बाहेर जातात, असं करत सगळीच बिघडतात. हलवायचं तर रात्री हलवा. बसवण्याआधी अंगावरच्या पिसवा बघा. टोपलीत राख भुरभुरली तर बरं. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, तेवढ्यात खाते आणि एकदाच भलीमोठी हगते. त्या वेळी दाणा-पाणी समोर हवं. आमच्या सासूबाई टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवतात, वीज कडाडली तरी अंडी नासू नयेत म्हणून. मीही ठेवते. त्याने बिघडत काही नाही.

खुडूक कोंबडी नसेल तरच मशीन. त्यासाठी हे जमवा:

- २०-३० अंड्यांचं छोटं मशीन, शक्यतो पंखा असलेलं. घरी करायचं तर थर्माकोलची पेटी, ४० वॉटचा पिवळा बल्ब, संगणकाचा छोटा पंखा आणि तापमान नियंत्रक
- वेगळा तापमान आणि आर्द्रता मापक, मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका
- ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा
- पेन्सिल, वही, मोबाइलचा टॉर्च
- इन्व्हर्टर, नाहीतर निदान एक जाड गोधडी

५. अंडी निवडणं आणि साठवणं

मध्यम आकाराची, स्वच्छ, बिनतड्याची अंडी घ्या. फार लांबट किंवा फार मोठी नकोत. मोठ्यात कधी दोन बलक असतात आणि त्यातून पिल्लू जवळजवळ कधीच निघत नाही. अंडी धुऊ नका, कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात.

सात दिवसांपेक्षा जुनं अंडं ठेवू नका. इथे आपल्या उन्हाळ्याचा अडथळा येतो. अंडी साठवायला साधारण १५ ते १८ अंश हवेत. एप्रिल-मेमध्ये आपलं स्वयंपाकघर तिशीच्या वर असतं. त्या उष्णतेत गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मशीनमध्ये जाण्याआधीच मरतो. फ्रीज त्याच्या उलट, फारच गार. मी मातीच्या दोन माठांची जुनी पद्धत वापरते: मोठ्या माठात वाळू, ती रोज ओली करायची, त्यात लहान माठ बसवायचा, त्यात अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवायची आणि वर फडकं. १८ अंश होत नाही, पण गारवा राहतो. उन्हाळ्यात मी चार दिवसांपेक्षा जास्त थांबतच नाही.

६. मशीनमधले २१ दिवस

मशीन रिकामं एक अख्खा दिवस चालवून बघा. पंखा असेल तर ३७.५ अंश. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला साधारण ३८.५. मापक खरा आहे का हे तपासायला घरातला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर वापरा, तो नेमका याच आकड्यांच्या आसपास अचूक असतो. माझ्या मशीनचा आकडा जवळपास एक अंशाने खोटा निघाला. एक अंश जास्त म्हणजे पिल्लं लवकर आणि दुबळी, कमी म्हणजे उशिरा आणि अडकलेली.

दिवस मोजताना लोक चुकतात. अंडी ठेवली तो दिवस शून्य, पहिला दिवस चोवीस तासांनी पूर्ण होतो. सोपं करायचं तर शनिवारी संध्याकाळी ठेवा, त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी पिल्लं. तेव्हा घरातलं कुणीतरी हजर असतं.

अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, पेन्सिलने. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा अशासाठी की रात्रीच्या लांब वेळात रोज तीच बाजू वर राहू नये. न फिरवलेलं पिल्लू कवचाला चिकटतं. अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

आता पाणी. पुस्तिका सांगते, पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा. आकडा बरोबरच आहे. पण जुलैत आपल्याकडे बाहेरची हवा २९ अंशाला ८५ टक्के दमट असते. तीच हवा मशीनमध्ये ३७.५ अंशाला तापली की पाण्याचा एक थेंब न घालता आत ५० टक्क्यांच्या वर आर्द्रता राहते. त्यात पन्हळी भरल्या की काय होतं ते मी पाहिलंय. उलट जानेवारीच्या दुपारी, २५ अंश आणि ५५ टक्के असताना, कोरड्या मशीनमध्ये आकडा तिशीच्याही खाली घसरतो. तेव्हा पाणी लागतंच. एसी लावलेल्या खोलीतही तसंच.

म्हणून मी आर्द्रता मापकापेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवते. अंड्यातलं पाणी कवचातून हळूहळू उडायला हवं, म्हणजे रुंद टोकाची हवेची पोकळी वाढते. पिल्लू शेवटी पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. पाणी उडालं नाही तर श्वासाला जागा नाही. अठराव्या दिवसापर्यंत साधारण १२ टक्के वजन घटलं पाहिजे. १२ अंडी मिळून ६०० ग्रॅम असतील तर सातव्या दिवशी ती ५७२ च्या आसपास, चौदाव्या दिवशी ५४४ आणि अठराव्या दिवशी ५२८. सातव्या दिवशी ५८५ भरलं तर पाणी काढा आणि हवेची भोकं मोकळी करा. ५६० भरलं तर वाटीभर पाणी ठेवा. मध्येच अंडी काढून टाकली तर उरलेल्यांच्या सुरुवातीच्या वजनावरून पुन्हा हिशेब करा, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाचं वजन वेगळं लिहून ठेवायचं.

सातव्या दिवशी रात्री दिवे घालवा आणि टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला टेकवा. फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, मध्ये एक काळा ठिपका, आणि नीट बघितलं तर तो हलतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुलीला झोपेतून उठवून दाखवलं. काहीच नसेल, नुसतं पिवळसर स्वच्छ, तर ते अंडं वांझ. लाल कडं दिसलं तर गर्भ मेलाय. ती दोन्ही काढा. राहिली तर कुजून फुटतात आणि सगळ्या मशीनला जंतू लागतात. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा. सहा-सात सेकंदांपेक्षा जास्त टॉर्च धरू नका.

वीज गेली तर झाकण उघडायचं नाही. गोधडी टाका, हवेची भोकं थोडी मोकळी ठेवा. दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. माझ्याकडे एकदा जवळजवळ चार तास गेली होती, पिल्लं अर्ध्या दिवसाने उशिरा निघाली.

७. फुटण्याचे तीन दिवस

अठराव्या दिवशी चित्र उलटतं. आता ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी, म्हणजे पावसाळ्यातही पाणी ठेवा. तळाला खरबरीत कापड अंथरा. गुळगुळीत जागेवर पिल्लाचे पाय फाकतात आणि तसेच राहतात.

आणि झाकण उघडू नका. विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू येते, कवचाला पहिला तडा जातो, मग काहीच होत नाही. आठ तास, बारा तास, कधी पूर्ण दिवस. या वेळी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या शिरांतलं रक्त अंगात घेत असतं. तुम्ही दया येऊन टरफल सोललंत तर रक्त येतं आणि पिल्लू मरतं. झाकण उघडलंत तर आतली वाफ जाते, पापुद्रा सुकून चामड्यासारखा आवळतो आणि बाकीची सगळी अडकतात. दुसऱ्या खेपेला मी खुर्ची ओढून मशीनच्या समोर हात मांडीखाली घेऊन बसले. बारा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली.

निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस काढू शकतं. ओलं असताना हात लावू नका. सुकून फुललं की मगच बाहेर.

८. पहिले पाच आठवडे

आईमागे असतील तर हे सगळं तीच करते, तुम्ही फक्त रात्री डालग्याखाली झाका. मशीनची असतील तर मोठं खोकं, तळाला तूस, वर बल्ब. पहिला आठवडा पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. आपल्या मे महिन्यात दिवसा बल्ब लागतच नाही, फक्त रात्री. पिल्लांकडेच बघा: बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी, कोपऱ्यात पळून चोची उघडल्या तर गरमी, सगळीकडे पसरून झोपली तर ठीक.

पहिल्यांदा पाणी पाजा, लिटरभर पाण्यात चमचाभर गूळ. प्रत्येकाची चोच एकदा बुडवा. भांडं उथळ ठेवा आणि त्यात खडे टाका. खाद्य पिल्लांचं स्टार्टर, ज्यात सुमारे २० टक्के प्रथिनं असतात. नुसत्या कणीवर वाढवलेली पिल्लं पंख पाडून बसतात.

लस टाळू नका. राणीखेत, म्हणजे मानमोडी, आली की चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा (राणीखेतची लस) एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, दोन आठवड्यांनी गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहा ते आठ आठवड्यांनी देवीची, आठ-दहा आठवड्यांनी आर-टू-बी, ही राणीखेतचीच टोचायची लस. तारखा तुमच्या पशुवैद्यांकडून पक्क्या करून घ्या. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा जास्त पक्ष्यांचा डोस असतो आणि एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. आम्ही गावातली सहा घरं मिळून एकच दिवस ठरवतो आणि वर्गणी काढतो. बाटली थर्मासमध्ये बर्फावर आणा. डिकीत गरम झालेली लस टोचून उपयोग शून्य.

९. पावसाळा आणि रोगराई

खाद्य एका वेळी पाच किलोच घ्या. जूननंतर गोणी ओल धरते, बुरशी येते आणि त्या बुरशीचं विष यकृत खातं. खाद्याला कुबट वास आला तर फेकून द्या, वाळवून घालू नका. तूस भिजलं की त्याच दिवशी बदला. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण याच ओलीतून लागते. विष्ठेत रक्त दिसलं की संध्याकाळची वाट न बघता डॉक्टर.

घरातलं उरलंसुरलं चालतं, पण सुकट आणि जवळा जपून. त्यातलं मीठ पिल्लांना मारतं. तिसऱ्यांची (शिंपल्यांची) टरफलं मात्र टाकू नका. धुऊन, भाजून, कुटून अंड्यावरच्या कोंबड्यांपुढे वेगळ्या वाटीत ठेवा, कवच घट्ट होतं.

बर्ड फ्लू आपल्यापासून लांब नाही. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मेलेल्या बगळ्यांत तो सापडला होता, फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत कोंबड्यांना झाला. आपल्याकडे खाडी आणि पाणथळ जागा आहेत, रानपक्षी येणारच. त्यांनी तुमच्या भांड्यातलं पाणी पिऊ नये एवढं तुमच्या हातात आहे: दाणा-पाणी छपराखाली ठेवा आणि खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवा. एका-दोन दिवसांत तीन-चार पक्षी अचानक मेले तर उघड्या हाताने उचलू नका, खाडीत किंवा कचऱ्यात टाकू नका, उरलेले घाईने विकू नका. १९६२ ला फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बाजारातून आणलेला नवा पक्षीही तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नका.

१०. तलंग अंड्यावर आली की

पाच-सहा महिन्यांत तुरा लाल होतो, ती कोपरे धुंडाळू लागते आणि एक दिवस सुपारीएवढं अंडं देते. अंधाऱ्या कोपऱ्यात पेंढ्याची टोपली आधीच ठेवा, नाहीतर ती शेजारच्यांच्या लाकडांत घालेल. ही पहिली अंडी उबवायला घेऊ नका, त्यातून निघालेलं पिल्लू फार लहान आणि नाजूक असतं. दोन महिने ती खा, शेजारी द्या. अंडं नेमाने ४५ ग्रॅमच्या वर भरू लागलं की माठातली वाळू ओली करा.